माकडतापाच्या दिवसांत

सकाळी ७. माणसं बागेत जायच्या आत वाडी गाठावी लागते. दोडामार्ग तालुक्यात फेब्रुवारी म्हणजे काजूचे दिवस, आणि तिळाहून लहान गोचिडींचेही. आशाताई दारोदार गोचिडींना दूर ठेवणारं डेपा तेल वाटते. हातापायांना चोळून जा, आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करा. ‘बागेत जाऊच नका’ असं मी कधी सांगत नाही. वर्षाची मिळकत या दिवसांत झाडाखाली पडलेली असते; ती सोडा म्हणणं हा अन्याय आहे.

एका पडवीत काका गोधडी घेऊन पडलेत. डोळे लालभडक.

“काका, ताप कधीपासून?”

“परवाच्या सांजेपासून. कंबर मोडता नुसती.”

“बागेत गेल्लास?”

“रोजच जातंय.”

गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत ताप येतो. म्हणून गेल्या आठवड्यात कुठल्या बागेत बसलात, गळलेल्या पानांचा पातेरा कुठला उचललात, सगळं लिहून घेतो आणि त्यांना आरोग्य केंद्रात पाठवतो.

९.३०. वनरक्षकाचा फोन : वरच्या बागेत माकड मेलंय.

आमचं सगळं काम अशा फोनवर उभं आहे. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, त्याच वेळी माणसंही तापानं फणफणली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं माकडतापाचा विषाणू शोधला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीला साथ आली, २०१६ मध्ये आमच्याकडे. मेलेलं माकड बघून गुपचूप पुरून टाकणाऱ्यापेक्षा कळवणारा माणूस मला लाखमोलाचा वाटतो.

११. गमबूट, हातमोजे, मास्क, अंगभर पोशाख. माकड थंड पडलं की अंगावरच्या गोचिडी खाली पातेऱ्यात उतरतात, त्यामुळे भोवतालची जमीनच जास्त धोक्याची. आधी पांढरं फडकं पातेऱ्यावरून सावकाश ओढतो. उलटून पाहिलं तर तपकिरी ठिपके चालताहेत. चिमट्यानं एकेक उचलून कुपीत भरतो. पशुवैद्यकांनी नमुने घेतल्यावर कलेवर जाळतात. पन्नास मीटरपर्यंत कीटकनाशक भुकटी मारतो.

२.३०. काकांच्या रक्ताचा नमुना तीन थरांच्या वेष्टनात, बर्फाच्या पाकिटांसह पुण्याला राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे (एनआयव्ही) निघतो. घाई एवढ्यासाठी की पहिल्या काही दिवसांतच विषाणू रक्तात थेट सापडतो. प्लेटलेट घसरल्यात. यावर नेमकं औषध नाही. सलाईन आणि डोळ्यांत तेल घालून देखरेख. सून दारातच थबकली होती. तिला सांगितलं, हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही, जवळ बसून पेज भरवा.

४. ऑनलाइन नोंदी.

५.३०. त्या बागेत राबलेल्यांची यादी. दोघे मजूर हद्दीपलीकडे सत्तरीत राहतात. तिकडच्या केंद्राला लगेच कळवतो. उद्यापासून आठ दिवस आशाताई यादीतल्या इथल्या प्रत्येकाचा ताप मोजणार. काकांचा ताप उतरला तरी त्यांच्यावर आणखी दोन आठवडे नजर ठेवायची आहे. काहींना तो उलटतो आणि मेंदूवर जातो.