नाण्यावरचा किल्ला

परवा लेकीच्या शाळेत नाण्यांचं प्रदर्शन होतं. तक्ता रंगवायचं काम अर्थातच आईकडे! चित्रं चाळताना स्पेनमधलं एक जुनं नाणं दिसलं. एका बाजूला तीन बुरुजांचा किल्ला, दुसऱ्या बाजूला सिंह. म्हटलं, राजाचा चेहरा कुठं गेला?

मग वाचत गेले. त्या राज्याचं नावच कॅस्टिल, म्हणजे किल्ल्यांचा मुलूख. आठव्या अल्फोन्सो राजानं (११५८-१२१४) किल्ला ही आपली खूण केली आणि नाण्यावर उमटवली. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही बाजारात कळावं, सत्ता कुणाची! सिंह मात्र शेजारच्या लेऑन राज्याचा. मग दोघं एका नाण्यावर आले कसे?

अल्फोन्सोची लेक बेरेंगेला १२१७ मध्ये कॅस्टिलची राणी झाली आणि लगेच तिनं गादी मुलाला, फर्नांडोला दिली. १२३० मध्ये फर्नांडोचे वडील, लेऑनचे राजे, वारले. त्यांनी राज्य ठेवलं होतं पहिल्या बायकोच्या मुलींना, सांचा आणि दुल्से यांना. आता लढाईच व्हायची! पण बेरेंगेला आणि त्या मुलींची आई तेरेसा बोलायला बसल्या. मुलींनी हक्क सोडला. बदल्यात त्यांना वर्षाला ३० हजार सोन्याची नाणी ठरली.

पुढे फर्नांडोच्या मुलाच्या, दहाव्या अल्फोन्सोच्या नाण्यांवर किल्ला आणि सिंह एकत्र आले. राज्य जोडणाऱ्या आया आणि हक्क सोडणाऱ्या मुली मात्र त्यावर नाहीत.

मैत्रिणींनो, माझा ब्रश तिथंच थांबला. महिनाभर माझ्या कपाटात एक कागद पडून आहे. माहेरच्या घराचं हक्कसोडपत्र. भाऊ म्हणतो, ‘ताई, नुसती सही कर गं.’ आजोबांचं ते घर. त्याच्या नव्या भिंतींवर आईबरोबर मीही पाणी मारलंय. दारावर पाटी आधी बाबांची होती, आता त्याची आहे. वडिलोपार्जित घरात लेकीलाही मुलाइतकाच हक्क आहे, हे २००५ च्या कायद्यानं सांगितलंय. पण घरात कुणी सांगितलं नाही.

भावाशी भांडायचं नाहीये मला. कदाचित हक्क सोडेनही. पण आठशे वर्षांपूर्वी त्या मुलींच्या वतीनं त्यांची आई बोलायला बसली होती. येत्या रविवारी मीही आईला शेजारी घेऊन बसणार आहे. आधी बोलणं, मग सही.

तक्त्यावर किल्ल्याखाली मी चौघींची नावं लिहिली. लेक म्हणाली, ‘आई, ही नाण्यावर नाहीत!’

म्हटलं, ‘म्हणूनच लिहिली, बाळा.’