ठराव झाला, पण नळाला येणारे पाणी शुद्ध आहे का?

महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले, ते कागदावर. बाबासाहेबांनी हजारोंसह पाणी प्यायले ते २० मार्च १९२७ रोजी. ठराव अमलात आणावा लागतो, हा आपला धडा.

काळम्मावाडीचे पाणी थेट पाइपलाइनने नोव्हेंबर २०२३ मध्ये कोल्हापुरात आले. तरी राजारामपुरी असो वा कुठलीही वस्ती, घराजवळचा पाइप गटारीतून जात असेल, तर आम्हांला काळजी वाटते. नळ बंद झाला की दाब उतरतो आणि चिरलेल्या पाइपात गटारीचे पाणी शिरते. त्यातून गॅस्ट्रो, कावीळ होते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीच्या साथीने माणसे दगावली.

सुरुवातीचे गढूळ पाणी भरू नका. पिण्याचे पाणी खळखळून उकळा. जुलाब लागल्यास लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून पाजत राहा. गरोदर बाईला कावीळ दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पाणी आणि गटार हे महानगरपालिकेचे बंधनकारक काम आहे. १९४९ च्या अधिनियमातील कलम ६३ तसे सांगते. गल्लीतल्या सर्वांनी सह्या करून पाइप बदलण्याचा अर्ज द्या, पोच घ्या. जयभीम!