निवडून आलेली, पण न भरलेली विधानसभा

लोकांनी निवडून दिलेले सभागृह काही काळ बंद ठेवता येते काय, आणि येत असेल तर ते कोणी, किती काळ आणि कशासाठी बंद ठेवावे, या प्रश्नावर महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१९ मध्ये जेवढा उघड आणि तीव्र वाद झाला तेवढा त्याआधी क्वचितच झाला असेल. २१ ऑक्टोबरला मतदान होऊन २४ ऑक्टोबरला निकाल लागले, परंतु नव्या सदस्यांना शपथ घेण्यासाठी २७ नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले. म्हणजे ३४ दिवस राज्यात निवडून आलेले २८८ आमदार होते, पण कामकाज करणारी विधानसभा नव्हती, आणि त्यातील ११ दिवस ती राष्ट्रपती राजवटीखाली निलंबित अवस्थेत होती.

या पेचाचे छोटे रूप कोल्हापूर जिल्ह्यात, विशेषतः इचलकरंजी आणि तिच्या शेजारच्या शिरोळ मतदारसंघात, स्पष्ट दिसते. जिल्ह्यातील दहा जागांपैकी काँग्रेसला चार, राष्ट्रवादी काँग्रेसला दोन, शिवसेना आणि जनसुराज्य शक्ती यांना प्रत्येकी एक जागा मिळाली, दोन जागांवर अपक्ष निवडून आले आणि भारतीय जनता पक्षाला एकही जागा मिळाली नाही. इचलकरंजीत अपक्ष प्रकाश आवाडे यांनी भाजपचे सुरेश हाळवणकर यांचा पराभव केला आणि निकालानंतर भाजपलाच पाठिंबा जाहीर केला, तर शिरोळचे अपक्ष राजेंद्र पाटील यड्रावकर शिवसेनेच्या बाजूला गेले. पंचगंगेच्या खोऱ्यातील दोन शेजारी मतदारसंघांचे प्रतिनिधी अशा रीतीने, एकत्र लढून निकालानंतर विभक्त झालेल्या दोन पक्षांच्या पारड्यात जाऊन बसले. मात्र त्यांचा पाठिंबा पत्रांत आणि वार्तांत होता, सभागृहात नव्हता, कारण राज्यघटनेच्या १८८ व्या अनुच्छेदानुसार शपथ घेतल्याशिवाय सदस्याला सभागृहात बसता येत नाही आणि मतही देता येत नाही.

वाद समजून घेण्यासाठी काही संज्ञा वेगळ्या करणे आवश्यक आहे, कारण त्या काळातील चर्चेत त्यांची बरीच सरमिसळ झाली. 'तहकुबी' म्हणजे चालू बैठक काही तास वा दिवस थांबवणे, आणि तो अधिकार अध्यक्षांचा असतो. 'सत्रसमाप्ती' म्हणजे अधिवेशन संपवणे, आणि ती राज्यपालांच्या आदेशाने होते. 'विसर्जन' म्हणजे विधानसभेचे आयुष्यच संपणे, ज्यानंतर पुन्हा मतदारांकडे जाण्यावाचून मार्ग उरत नाही. 'निलंबित विधानसभा' ही अवस्था या तिन्हींहून निराळी आहे, कारण तिच्यात सभागृह जिवंत असते, सदस्यांचे सदस्यत्व कायम असते, परंतु सभागृहाचे सारे अधिकार काढून घेतलेले असतात. गंमत नव्हे तर गंभीरपणे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ही संज्ञा राज्यघटनेत कोठेही नाही. अनुच्छेद ३५६ एवढेच सांगतो की राज्याचा कारभार घटनेतील तरतुदींनुसार चालवणे शक्य नाही अशी राष्ट्रपतींची खात्री पटल्यास, उद्घोषणेद्वारे राज्य सरकारची कामे राष्ट्रपती स्वतःकडे घेऊ शकतात, विधिमंडळाचे अधिकार संसदेकडे सोपवू शकतात आणि त्यासाठी राज्याच्या संस्थांविषयीच्या काही तरतुदी स्थगित करू शकतात. या शेवटच्या अधिकारातून सभागृह न मोडता गोठवून ठेवण्याची प्रथा निर्माण झाली.

महाराष्ट्राने या अनुच्छेदाचे अधिक कठोर रूप १९८० साली पाहिले होते. जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या आणि १७ फेब्रुवारीला शरद पवार यांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारसह नऊ राज्यांतील सरकारे बरखास्त होऊन तेथील विधानसभा विसर्जित झाल्या. तीन वर्षांपूर्वी, १९७७ मध्ये, जनता पक्षाच्या सरकारने नऊ राज्यांतील काँग्रेस सरकारांच्या बाबतीत हेच केले होते. या शस्त्राचा मोह एका पक्षापुरता कधीच मर्यादित नव्हता, हे या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी मान्य केले पाहिजे. इचलकरंजीपासून थोड्याच अंतरावर असलेल्या माणगावच्या १९२० च्या परिषदेत ज्यांच्या नेतृत्वाचे राजर्षी शाहू महाराजांनी जाहीर स्वागत केले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत या तरतुदीचा दुरुपयोग होऊ शकतो हे नाकारले नव्हते. अशा तरतुदी वापरण्याची वेळच येऊ नये आणि त्या कागदावरच राहाव्यात, अशी आशा त्यांनी व्यक्त केली होती. ती आशा फलद्रूप झाली नाही.

या अधिकाराला खरा लगाम बसला तो ११ मार्च १९९४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने दिलेल्या एस. आर. बोम्मई खटल्याच्या निकालाने. कर्नाटकातील बोम्मई सरकार १९८९ मध्ये बहुमत अजमावण्याची संधी न देताच बरखास्त करण्यात आले होते. त्या अनुषंगाने न्यायालयाने दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या. सरकारला बहुमत आहे की नाही याचा निवाडा राजभवनात नव्हे तर विधानसभेत व्हावा, ही पहिली. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी उद्घोषणेला मान्यता देईपर्यंत विधानसभा विसर्जित करू नये, ती फार तर निलंबित ठेवावी, ही दुसरी. उद्घोषणा बेकायदा ठरली तर सभागृह पुन्हा उभे करता यावे, असा त्यामागील विचार होता. त्यामुळे निलंबन ही शिक्षा नसून सभागृहाचे प्राण वाचवण्याची सोय आहे, असे म्हणणाऱ्यांच्या हाती भक्कम आधार आला, आणि तो आधार नाकारण्याचे कारण नाही.

नोव्हेंबर २०१९ मधील घटनाक्रम याच कसोटीवर तपासावा लागतो. भाजपला १०५, शिवसेनेला ५६, राष्ट्रवादीला ५४ आणि काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या होत्या, तर बहुमताला १४५ हव्या होत्या. मुख्यमंत्रिपदाच्या वाटणीवरून भाजप-शिवसेना युती तुटली, जुन्या विधानसभेची मुदत ९ नोव्हेंबरला संपली आणि आदल्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राजीनामा दिला. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी प्रथम भाजपला विचारणा केली आणि त्या पक्षाने १० तारखेला असमर्थता कळवली. नंतर शिवसेनेला ११ तारखेच्या सायंकाळपर्यंतची मुदत मिळाली, आणि मित्रपक्षांची पत्रे मिळवण्यासाठी तिने मागितलेले आणखी तीन दिवस नाकारण्यात आले. त्यानंतर राष्ट्रवादीला १२ तारखेच्या रात्री साडेआठपर्यंत वेळ दिला गेला, परंतु त्या पक्षानेही वाढीव मुदत मागताच राज्यपालांची राष्ट्रपती राजवटीची शिफारस दिल्लीला गेली, केंद्रीय मंत्रिमंडळाने ती स्वीकारली आणि साडेआठ वाजण्याआधीच राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली.

समर्थकांचा युक्तिवाद गृहमंत्री अमित शहा यांनी दुसऱ्या दिवशी मांडला. कोणत्याही राज्यात पक्षांना एवढा म्हणजे १८ दिवसांचा अवधी मिळाला नव्हता, आणि विधानसभा विसर्जित झालेली नसल्यामुळे ज्याच्याकडे संख्या असेल तो आजही राज्यपालांकडे जाऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. यात तथ्य आहे, कारण त्या सायंकाळी कोणत्याही गटाकडे १४५ आमदारांच्या सह्या खरोखरच नव्हत्या. विरोधकांचे आक्षेपही तितकेच नेमके होते. एका पक्षाला दोन दिवस, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दिलेली मुदत संपण्याआधीच निर्णय आणि काँग्रेसला विचारणाच नाही, ही असमानता काँग्रेसच्या नेत्यांनी जाहीरपणे दाखवून दिली, तर शिवसेनेने १२ नोव्हेंबरलाच सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

तथापि दोन्ही बाजूंचा हा सारा वाद तासांच्या हिशेबात अडकून पडला आणि अधिक मूलभूत प्रश्न मागे राहिला. नव्या विधानसभेला एकदाही न भरवता 'सरकार बनणे शक्य नाही' असा निष्कर्ष काढता येतो काय, हा तो प्रश्न होय. बिहारमध्ये फेब्रुवारी २००५ च्या निवडणुकीनंतर नेमके हेच घडले होते. तेथे विधानसभा निलंबित ठेवली गेली आणि पहिली बैठकही होण्यापूर्वी २३ मे रोजी विसर्जित करण्यात आली. रामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले आणि असेही स्पष्ट केले की निवडून आलेल्यांची अधिसूचना निघताच विधानसभा अस्तित्वात येते, त्यासाठी बैठक वा शपथ होण्याची गरज नसते. इचलकरंजीच्या मतदाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की त्याचे मत निकालाच्या अधिसूचनेबरोबरच एका जिवंत सभागृहात रूपांतरित झाले होते, आणि ते सभागृह गोठवण्याआधी त्याला किमान एकदा स्वतःचे म्हणणे मांडू द्यायला हवे होते.

लोकप्रतिनिधी सभागृहाबाहेर अडकून पडतात तेव्हा काय होते, हे त्या दिवसांत केवळ तात्त्विक राहिले नव्हते. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची दैना केली होती आणि त्यापाठोपाठ अवकाळी पावसाने राज्यभर उभी पिके नासवली. राज्यपालांनी १६ नोव्हेंबरला खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० आणि फळबागा व बारमाही पिकांसाठी हेक्टरी १८,००० रुपयांची मदत जाहीर केली. ती अपुरी असल्याची टीका झाली, पण ती टीका मंत्र्याला तोंडावर ऐकवून उत्तर मागण्याची जागाच बंद होती. मुख्यमंत्रीच नसल्यामुळे मुख्यमंत्री सहायता निधीतून रुग्णांना मिळणारी मदतही अडली. यंत्रमागाचे वीजदर असोत, पंचगंगेचे प्रदूषण असो वा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असो, इचलकरंजीचे बहुतेक प्रश्न मुंबईत सरकारला विचारावे लागतात, आणि प्रश्न विचारण्याचा हक्क शपथेनंतरच सुरू होतो. पुढे डिसेंबरमध्ये नागपूरला अधिवेशन भरले, तेव्हा दोन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जमाफीची घोषणा सभागृहात झाली, आणि तिच्यावर विरोधकांना तेथेच उभे राहून बोलता आले. निर्णय बरा की वाईट हा भाग वेगळा, तो कोठे आणि कोणासमोर घेतला गेला हे लोकशाहीत तितकेच महत्त्वाचे असते.

निलंबन ज्या रीतीने उठवले गेले ती रीत तर ते लागू करण्यापेक्षाही अधिक आक्षेपार्ह होती. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट मागे घेतल्याची अधिसूचना निघाली. त्यासाठी मंत्रिमंडळाची बैठक न घेता, निकडीच्या प्रसंगी पंतप्रधानांना नियमांना बगल देऊन निर्णय घेऊ देणारा केंद्राच्या कामकाज नियमांतील नियम १२ वापरण्यात आला. सकाळी आठच्या सुमारास फडणवीस आणि राष्ट्रवादीचे अजित पवार यांचा शपथविधी झाला. ज्या सभागृहाचे प्राण वाचवण्यासाठी त्याला निलंबित ठेवले असे सांगितले गेले, त्या सभागृहाला न विचारताच सरकार उभे राहिले. प्रकरण न्यायालयात गेले, रविवारी सुनावणी झाली आणि २६ नोव्हेंबरला न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा, अशोक भूषण आणि संजीव खन्ना यांच्या पीठाने दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत हंगामी अध्यक्षांमार्फत सदस्यांना शपथ देऊन, गुप्त मतदान न घेता आणि थेट प्रक्षेपणासह बहुमत अजमावण्याचा आदेश दिला. त्याच दिवशी फडणवीस यांनी राजीनामा दिला. मोजणी उघड्यावर होणार हे निश्चित होताच चार दिवसांचे सरकार कोसळले, आणि ३० नोव्हेंबरला शिवसेनेच्या उद्धव ठाकरे यांच्या सरकारने त्याच सभागृहात १६९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला.

त्याच वर्षी ब्रिटनमध्येही सभागृह बंद ठेवण्यावरून देश दुभंगला होता. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या ऐन वादात पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्याने संसदेचे अधिवेशन पाच आठवड्यांसाठी संपवण्यात आले, आणि २४ सप्टेंबर २०१९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ती कृती बेकायदा ठरवली. योग्य कारण न देता संसदेला तिचे काम करण्यापासून रोखता येत नाही, हे त्या निकालाचे सार होते. दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत, कारण तेथे सभागृह कार्यरत होते आणि येथे ते अजून भरायचे होते. परंतु सभागृह बंद ठेवणाऱ्याने कारण द्यावे, सभागृहाने नव्हे, हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते.

इचलकरंजीला लोकप्रतिनिधींविना चालणारा कारभार पुढे आणखी जवळून अनुभवावा लागला. १८९३ साली स्थापन झालेल्या तिच्या नगरपालिकेचे २०२२ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले, पण महापालिकेची पहिली निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली, आणि मधली वर्षे शहर प्रशासकाच्या हाती राहिले. त्यामुळे विधानसभेविषयीचा हा प्रश्न या शहराला दूरचा वाटण्याचे कारण नाही.

निकालानंतर नव्या विधानसभेची पहिली बैठक किती दिवसांत बोलावली पाहिजे, याचा दिवस राज्यघटनेत लिहिलेला नाही. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर नसावे एवढेच अनुच्छेद १७४ सांगतो. तो दिवस लिहिला गेला पाहिजे. सरकार बनो वा न बनो, अधिसूचनेनंतर ठरावीक मुदतीत सदस्यांना शपथ मिळावी, आणि नेता निवडता येतो की नाही हे सभागृहानेच सांगावे. ही दुरुस्ती संसदेतून व्हावी लागेल, आणि तिची मागणी खासदारांकडे करण्याचा अधिकार मतदारांचा आहे. तो त्यांनी वापरावा.