शेवटच्या नळात क्लोरीन किती?

पाणी खराब म्हटले की आजकाल फ्लोराइड, आर्सेनिक, जड धातू हीच नावे आधी तोंडात येतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत फ्लोराइडचे दुखणे खरेच आहे; तिथल्या लोकांचे दात आणि हाडे त्याची साक्ष देतात. लोणावळ्याजवळच्या औंढे गावाचा, आणि एकूणच मावळच्या घाटपट्ट्याचा, प्रश्न मात्र वेगळा आहे. इथला खडक काळा बेसाल्ट आणि पाऊस धो-धो. पाणी खडकात फार काळ अडकून राहत नाही, त्यामुळे त्यात क्षार सहसा कमीच. या पट्ट्यात पाण्याची खरी भीती आहे ती जंतूंची, आणि ती पावसाळ्यात वाढते. पहिल्या जोरदार सरींबरोबर शेण, उकिरडा, उघड्यावरची घाण आणि सेप्टिक टँकमधून झिरपलेले पाणी ओढ्याविहिरींत उतरते. म्हणून इथे पाण्याची एकच तपासणी रोज करता येणार असेल, तर ती शेवटच्या नळातल्या शिल्लक क्लोरीनची असावी.

टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली म्हणजे काम झाले, असे आपण धरून चालतो. पण क्लोरीनचा काही भाग जंतू मारण्यात आणि गाळातली सेंद्रिय घाण जाळण्यात खर्च होतो. उरतो तोच पुढच्या नळांचे रक्षण करतो. पाणी गढूळ असेल तर जवळजवळ सगळाच क्लोरीन गाळ खाऊन टाकतो. शिवाय गावोगाव पाणी दिवसातून थोडाच वेळ सुटते. पुरवठा बंद झाला की पाइपमधला दाब उतरतो आणि गळक्या जोडांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत खेचले जाते. टाकीतला नमुना उत्तम आणि घरातले पाणी दूषित, असे होते ते यामुळेच. आयएस 10500 हे भारतीय मानक ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन मागते आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही चालवून घेत नाही.

'डोंगराचे पाणी निर्मळ असते' असे म्हणणाऱ्यांनी 2025 च्या जानेवारीतले पुणे आठवावे. सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गिलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला. पोटात गेलेला हा जंतू काहींच्या प्रतिकारशक्तीला स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटवतो. खडकवासल्यासारखे धरण उशाशी असूनही त्या भागाला पाण्याचाच संशय घ्यावा लागला. 'घरात आरओ आहे' हे उत्तरही पुरेसे नाही. त्याच साथीत खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्यातही जंतू सापडले आणि महापालिकेने ते प्रकल्प बंद केले. आरओ क्षार काढण्यासाठी आहे. जिथे क्षार मुळातच कमी, तिथे तो बरेचसे पाणी वाया घालवतो, आणि ज्याला परवडत नाही त्याला तर त्याचा काहीच उपयोग नाही.

क्लोरीनवरचा आक्षेप अधिक गंभीर आहे. गढूळ पाण्यात क्लोरीन घातला की ट्रायहॅलोमिथेनसारखी संयुगे तयार होतात आणि दीर्घकाळ, जास्त प्रमाणात पोटात गेल्यास ती अपायकारक ठरू शकतात, हे खरे. पण त्यावरचा इलाज क्लोरीन बंद करणे हा नव्हे. आधी तुरटीने गाळ बसवून, पाणी गाळून मग क्लोरीन देणे हा आहे. जागतिक आरोग्य संघटनाही या संयुगांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नका, असेच सांगते. अनेक वर्षांनंतरच्या संभाव्य धोक्यासाठी या आठवड्यातली कावीळ आणि हगवण पत्करणे शहाणपणाचे नाही.

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे, म्हणजे ओटीचे, थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. टीसीएलमध्येही एक मेख आहे: पोते ओल्या खोलीत उघडे पडले की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक प्रामाणिकपणे नुसती पांढरी भुकटी टाकत राहतो. मावळच्या दमट हवेत तर हे फार लवकर होते. म्हणून औंढ्याच्या आणि शेजारच्या गावांच्या ग्रामसभेत येत्या जूनपूर्वी तीन गोष्टी मागा: टीसीएलची कोरडी, बंद साठवण, शेवटच्या घरातली रोजची ओटी टेस्ट, आणि तिचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर.