मनीच्या खेळण्यात दोरा नको

मांजर आणि लोकरीचा गुंडा ही जोडी चित्रात गोड दिसते, घरात मात्र जिवावर बेतते. मांजराच्या जिभेवरचे बारीक काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला सहजी थुंकता येत नाही, तो आतच सरकत जातो. मग आतडी चुणीसारखी गोळा होतात, कधी फाटतातही. राखीचा रेशमी धागा, गणपतीच्या मखराच्या झिरमिळ्या, शिवणाचा सुईदोरा, सगळं कपाटात बंद ठेवा. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तडक पशुवैद्यांकडे न्या.

खेळायला कागदाचा चुरगळलेला बोळा, पुठ्ठ्याचं खोकं, गिळता येणार नाही एवढा चेंडू पुरे. पिसांची काठी खेळ संपला की उचलून ठेवा.

खाऊ दिवसभराच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आतच. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, काटे काढलेला शिजवलेला मासा उत्तम. गोड चव मांजराला कळतच नाही, त्यामुळे पेढा-बिस्किटं नकोतच. कांदा-लसणाने त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. रश्श्यातला तुकडा धुऊनसुद्धा देऊ नका.