पौर्णिमा कळते, तशी भरतीही कळू द्या

पावसाळा सरतो, अश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होते आणि म्हसवडच्या आपल्या वस्त्यांमध्ये सहलीचे बेत सुरू होतात. महिला मंडळ वर्गणी काढते, गाडी ठरते. रात्री दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत सातारा आणि तिथून महाबळेश्वरचा घाट उतरून पहाटे महाड. चवदार तळ्यावर अभिवादन होते, गांधारपाल्याची बौद्ध लेणी पाहून होतात. मग गाडीत कुणीतरी म्हणतेच, "एवढ्या लांब आलोय, तर पोरांना समुद्र दाखवू." ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांचेही तसेच होते. चैत्यभूमी दादरच्या चौपाटीला लागूनच आहे. अभिवादनाच्या रांगेतून बाहेर पडले की समोर समुद्र असतो.

समुद्र जरूर दाखवावा. पण समुद्रावर जाताना काय माहीत असायला हवे, हे घरातून निघण्याआधी कळलेले बरे. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल आली होती. त्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. तेव्हा पावसाळा नव्हता. मुले तरुण होती, धडधाकट होती. नव्हती ती समुद्राची ओळख.

आपल्याला धोका जास्त का?

आपण माणदेशातली माणसे. आपल्या मुलांनी मोठे पाणी पाहिले ते राजेवाडीच्या तलावाचे. तलावाचे पाणी सकाळी जिथे असते तिथेच संध्याकाळी असते. समुद्राचे तसे नाही.

दुसरे कारण आपल्या इतिहासात आहे. खेड्यात पोहायला शिकतात ते विहिरीत. पण त्या विहिरींच्या काठावर आपल्या आज्या-पणज्यांना पायही ठेवू देत नव्हते. बाबासाहेब लहान असताना वडील खटाव तालुक्यात नोकरीला होते. त्यांना भेटायला भावंडे साताऱ्याहून निघाली. नवे कपडे घातलेले, आगगाडीचा प्रवास, पुढे बैलगाडी. सोबत जेवण होते, पण वाटेत कुणी पाणी दिले नाही आणि पोरे रात्रभर उपाशी-तहानलेली राहिली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. खटाव तालुका आपल्या शेजारचाच.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा तो हक्क आपण प्रत्यक्ष बजावला. पाणी मिळाले, पण पिढ्यान् पिढ्या पाण्यापासून दूर ठेवल्यामुळे पाण्याचे ज्ञान मागे राहिले. आपल्या वस्तीतल्या किती बायांना, किती मुलांना पोहता येते, हे मोजून पाहावे. ही उणीव नशिबाने आलेली नाही. तिला कारण आहे, म्हणून उपायही आहे.

कॅलेंडरवरची भरती

अंगुत्तर निकायातील पहाराद सुत्तात तथागतांनी धम्माला समुद्राची उपमा दिली आहे. समुद्र आपली मर्यादा ओलांडत नाही, हा त्यात सांगितलेला एक गुण. म्हणजे समुद्र लहरी नाही, तो नियमाने चालतो. तो नियम चंद्राचा आहे आणि आपण तर पौर्णिमा-अष्टमीचा उपोसथ पाळणारी माणसे आहोत.

चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढणे म्हणजे भरती, उतरणे म्हणजे ओहोटी. एका भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. पौर्णिमा आणि अमावास्येला चंद्र-सूर्याची ओढ एकत्र लागते, तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात.

भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. यावरून कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी सव्वानऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती. पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरती, तर सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी. तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेली असते, त्यामुळे हा हिशेब कुणालाही घरी करता येतो.

हा हिशेब अंदाजाचा आहे, तास-अर्धा तास मागेपुढे होतो. सहलीचा दिवस ठरवायला तो पुरेसा आहे. किनाऱ्यावर पोचल्यावर मात्र पक्की वेळ तिथल्या कोळी बांधवांना किंवा जीवरक्षकाला विचारावी.

पायी जाण्याचा किल्ला

अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला तिथे वाळू-खडकावरून चालत किंवा घोडागाडीने जाता येते. भरतीला चारी बाजूंनी पाणी भरते आणि मग होडीशिवाय वाट नाही. मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारा रस्ताही भरतीला असाच पाण्याखाली जातो.

अशा ठिकाणी माणूस फसतो तो परतताना. भरती सुरू झाल्यावर पहिल्या तासात पाणी थोडेच चढते, तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने. शिवाय ते आधी सखल भागात शिरते. आपण उभे असतो ती वाळू कोरडी असते आणि मागे, किनाऱ्याच्या बाजूला, कमरेएवढे पाणी झालेले असते.

म्हणून नियम असा धरावा: पाणी उतरत असतानाच जायचे आणि पूर्ण ओहोटीची वेळ झाली की परत फिरायचे. "अजून एक फोटो" म्हणत थांबायचे नाही. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या द्वितीया ते चतुर्थीला ओहोटी सकाळी आठ-नऊच्या सुमारास येते, रात्री निघालेल्या गाडीला ती वेळ सोयीची. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण भांगामुळे पाणी पुरते उतरत नाही. त्या दिवशी पायी जाण्याचा हट्ट नको.

उशीर झालाच आणि पाणी भरले, तर किल्ल्यातच थांबावे. पाण्यातून चालत यायचे नाही, मुलाला खांद्यावर घेऊन तर नाहीच. पुढच्या ओहोटीपर्यंत काही तास थांबल्याने कुणाचे काही बिघडत नाही. होडीची सोय झाली तर होडीने यावे.

पाण्यात उतरताना

वर्षावासात भिक्खू प्रवास टाळून एका जागी राहतात. समुद्राच्या बाबतीत आपणही तोच नियम करावा. जूनपासून वर्षावास संपेपर्यंत समुद्रस्नान नको. जून-जुलैमध्ये मासेमारीच बंद असते.

बाकीच्या दिवसांत गुडघ्याएवढे पाणी ही सीमा. लाट परत फिरताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि ओल्या साडीचे वजन माणसाला खाली खेचते. दोन मुलांमागे एक मोठे माणूस असावे आणि त्याच्या हातात मोबाइल नसावा. दारू प्यालेल्याला पाण्यात उतरू देऊ नये, मग तो कितीही मोठा पाहुणा असो. लाल बावटा असेल तर आत जायचेच नाही.

लाटांच्या मध्ये कधी शांत दिसणारी, लाटा न फुटणारी पट्टी असते. नवख्याला तीच जागा बरी वाटते, पण बहुधा तिथूनच पाणी जोराने आत परत जात असते. त्या ओढीत सापडले तर किनाऱ्याकडे थेट धडपडू नये, माणूस दमतो आणि बुडतो. अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात वर करून ओरडावे. पोहता येत असेल तर आधी किनाऱ्याला समांतर सरकावे, ओढ संपली की मग किनाऱ्याकडे यावे.

कुणी बुडत असेल तर

मागोमाग उडी मारू नये. एकाला वाचवायला गेलेले दुसरेही बुडतात. जीवरक्षकाला हाक द्यावी, १०८ ला फोन करावा आणि तरंगणारी वस्तू फेकावी. पाणीटंचाईमुळे आपल्या घरोघरी प्लास्टिकचे कॅन आहेत. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन माणसाला तरंगायला आधार देतो. त्याला लांब दोरी बांधून सहलीच्या गाडीत ठेवावा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे, हे सारे चुकीचे आहे. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि उलटी फुप्फुसात जाऊ शकते. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ऊब द्यावी. श्वास नसेल तर उताणे झोपवून, मान किंचित मागे करून, नाक दाबून तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध तळहाताने ३० वेळा दाबावे. मोठ्या माणसाची छाती दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत थांबू नये. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

हे वाचून हाताला येत नाही, करून पाहावे लागते. सहलीच्या आधीच्या रविवारी विहारात ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर किंवा परिचारिकेला बोलवावे आणि उशीवर सर्वांकडून सराव करून घ्यावा.

आणखी थोडे

पाकट माशाचा काटा लागला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा आणि दवाखाना गाठावा. जेलीफिश चिकटला तर तो काडीने काढावा, जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, वाळूने चोळू नये. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, त्याने तहान वाढते. म्हणून माणशी दोन लिटर पिण्याचे पाणी आणि क्षारसंजीवनीची पाकिटे घरूनच न्यावीत.

वर्गणीच्या वहीत गाडीभाडे, जेवण, चहा अशी खाती असतात. त्याच पानावर आणखी तीन नोंदी कराव्यात: सहलीच्या दिवसाची तिथी, भरती-ओहोटीची वेळ आणि कोणते मूल कोणाच्या हाताला. वही ज्या ताईंकडे असते, त्यांनीच किनाऱ्यावर ती मोठ्याने वाचून दाखवावी आणि गाडी सुटण्याआधी पोरे मोजून घ्यावीत.

जय भीम.