शेपूट जाते, पाय फुटतात: एका संप्रेरकाची दोन टोकांची कामे

बेडूकमाशाला कल्ले असतात, पोहायला शेपूट असते आणि शेवाळ पचवायला वेटोळ्यांचे लांबलचक आतडे असते. त्याचा बेडूक होताना शेपूट विरते, पाय फुटतात, आतडे आखडून किडे पचवण्याजोगे नव्याने घडते. रक्तातले हिमोग्लोबिन बदलते, यकृत युरिया बनवू लागते. हे सारे घडते थायरॉईड ग्रंथीच्या संप्रेरकामुळे. एकाच रेणूने शेपटीच्या पेशी मराव्यात आणि पायाच्या वाढाव्यात, हे कसे? याचे उत्तर त्या रेणूपेक्षा तो ज्या पेशीत शिरतो तिच्याकडे आहे.

घोड्याची ग्रंथी खाल्लेले बेडूकमासे

१९१२ साली फ्रीडरिख गुडरनाच यांनी बेडूकमाशांना निरनिराळ्या अवयवांचे तुकडे खाऊ घातल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. घोड्याच्या थायरॉईडचे तुकडे खाल्लेले बेडूकमासे वाढायचे थांबले आणि अकाली बेडूक होऊ लागले, अगदी चिमुकले. पुढच्या काही वर्षांत बेनेट ॲलन यांनी उलट बाजू दाखवली: ग्रंथी काढून टाकली, की बेडूकमासा नुसता थोराड होत जातो, बेडूक काही होत नाही.

कापलेल्या शेपटीचा पुरावा

मुंबईत जन्मलेले जमशेद टाटा लंडनला मिल हिलच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत काम करत. त्यांचा १९६६ चा प्रयोग मला या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी बेडूकमाशांच्या शेपट्या कापून बशीतल्या पोषक द्रावात जिवंत ठेवल्या. द्रावात थायरॉईड संप्रेरक घातले, तेव्हा शरीरापासून तुटलेली ती शेपूटही आक्रसू लागली. म्हणजे मेंदू, रक्ताभिसरण, बाकीचे शरीर यांतले काहीच लागत नव्हते. संप्रेरक थेट शेपटीवरच काम करत होते.

मग टाटांनी संप्रेरकाबरोबर ॲक्टिनोमायसिन घातले. जनुकांवरून आरएनएची प्रत निघणे या औषधाने थांबते. शेपूट आक्रसायची थांबली. नवी प्रथिने बनणे रोखले, तरी तोच परिणाम. शेपटीचा नाश म्हणजे साधी झीज नव्हे. त्यासाठी पेशीला आधी नवी जनुके चालू करावी लागतात. मरण्यासाठीही पेशीला काही नवे घडवावे लागते, ही गोष्ट त्या काळी मुळीच उघड नव्हती.

संप्रेरक नसतानाही कामावर असलेला ग्राही

संप्रेरकाला धरणारे प्रथिन, म्हणजे ग्राही, कोणत्या जनुकातून बनते हे १९८६ मध्ये कळले. बेडकात असे दोन ग्राही आहेत, अल्फा आणि बीटा. ते पेशीकेंद्रकात आरएक्सआर नावाच्या जोडीदारासह डीएनएवर ठरावीक जागी बसतात: ए-जी-जी-टी-सी-ए ही सहा अक्षरे, मध्ये चार अक्षरांची फट, आणि पुन्हा तीच सहा अक्षरे.

संप्रेरक येण्याआधीही ग्राही तिथे असतोच, आणि तो रिकामा बसत नाही. जनुके दाबून ठेवणारी प्रथिने तो जवळ ओढतो. डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरचे ॲसिटिल गट ती काढून टाकतात, आणि रिळावर घट्ट गुंडाळलेल्या दोऱ्यासारखा डीएनए आवळला जातो. संप्रेरक चिकटले, की ग्राहीचा आकार बदलतो. दाबणारी प्रथिने सुटतात, ॲसिटिल गट चढवणारी येतात आणि जनुक वाचता येऊ लागते. बीटा ग्राहीचे स्वतःचे जनुकही असेच चालू होते, त्यामुळे परिणाम वाढत जातो.

आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकांत अल्फा ग्राहीचे जनुक निकामी केल्यावर मागचे पाय लवकर वाढू लागले, कारण धरून ठेवणारेच कोणी उरले नव्हते. दोन्ही ग्राही काढले तेव्हाही पाय आले, पण ऐन रूपांतरणाच्या वेळी सारे अडले आणि ते जीव शेपटीसकट मेले. म्हणजे ग्राहीचे निम्मे काम घाई होऊ न देण्याचे आहे.

आधी पाय, मग शेपूट

शेपूट आधी गेली आणि पाय नसले, तर बेडूकमासा ना पोहू शकेल ना उडी मारू शकेल. हा क्रम दोन एन्झाइम सांभाळतात. ग्रंथीतून संप्रेरकाचे मुख्यतः टी-४ हे रूप येते; एक एन्झाइम त्यातला एक आयोडीन काढून जोरकस टी-३ बनवते, दुसरे दोन्हींना निकामी करते. पायाच्या पेशींत पहिले एन्झाइम लवकर कामाला लागते, म्हणून रक्तात संप्रेरक थोडे असतानाही पाय वाढतात. शेपटीत पहिले उशिरा वाढते, तोवर दुसरे तिला राखते.

एकाच डोळ्यातही हा भेद दिसतो. झेनोपसच्या दृष्टिपटलाच्या वरच्या कडेला निकामी करणारे एन्झाइम असते, खालच्या कडेला नसते. त्यामुळे रूपांतरणात खालची कडच जोमाने वाढते.

आटते डबके, दूषित पाणी

अमेरिकेतल्या स्पेडफूट बेडकांची डबकी आटू लागली, की बेडूकमाशांच्या मेंदूत ताणाचे संप्रेरक वाढते. तेच थायरॉईडलाही जागे करते, आणि बेडूकमासे घाईने, लहान अंगानेच बेडूक होतात.

परक्लोरेटसारखे रसायन मात्र ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही आणि रूपांतरण खोळंबते. थायरॉईडवर परिणाम करणारी रसायने ओळखण्याची, २००९ पासून आंतरराष्ट्रीय मान्यता असलेली एक चाचणी यावरच उभी आहे. झेनोपसचे बेडूकमासे २१ दिवस त्या रसायनाच्या पाण्यात ठेवतात, मागच्या पायाची लांबी मोजतात आणि ग्रंथीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.